फळीवरून दिसणारं मडकं

जरा हळूच बोलतो. पहिल्यापासून माझा आवाज तेवढाच, पाणी उकळण्यापुरता. मी विजेवर चालणारा वाफारा. सर्दी झाली, छाती भरली, की माझ्यात पाणी घालायचं, वर कापसावर औषधाचे थेंब टाकायचे आणि माझ्या चोचीतून येणारी वाफ नाकातोंडात घ्यायची. एवढंच माझं काम. ते मी ज्या घरात करावं म्हणून आलो, त्या घरात वीज नव्हती. तिथं एक मडकं होतं.

जन्म माझा पाण्यापलीकडचा. कुठल्या गावचा ते नीट आठवत नाही. आत तांब्याचं भांडं, बाहेरून पांढराशुभ्र मुलामा, वर वाकड्या चोचीचं झाकण, खाली काळं बूड आणि त्या बुडातून निघालेली सुताने विणलेली लांब तार. मुंबईला दादरच्या एका वकिलांच्या घरी मी आलो, ते वकिलीणबाईंचं नाक सारखं चोंदायचं म्हणून.

तिथं माझं बरं चाललं होतं असं मी म्हणालो असतो, पण त्या खोलीत भिंतीला वीज घ्यायची जागा एकच होती. ती रेडिओची. बाईंना सर्दी झाली की रेडिओची तार काढायचे आणि माझी लावायचे. सर्दी गेली की मी कपाटात आणि रेडिओ पुन्हा गायला लागलेला. कपाटाच्या अंधारात मला तो ऐकू यायचा. बाईंना बारमाही सर्दी का होत नाही, असं मला वाटायचं. दुसऱ्याचं बरं चाललेलं मला बघवत नाही. हा माझा स्वभाव तिथला.

त्या घरात रखमाजी नावाचा वरकामाचा गडी होता. हिर्डोशीचा. भोरच्या वर, वरंधा घाटाच्या वाटेला त्याचं गाव. लढाईच्या दिवसांत मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली आणि वकिलांनी बिऱ्हाड हलवलं. सामानाची बांधाबांध चालली असताना बाईंनी मला उचलून रखमाजीच्या हातात दिलं.

"तुझ्या बायकोला धाप लागते म्हणतोस ना? ने हे. तिकडे वीज आहे ना रे?"

रखमाजीनं मला छातीशी धरलं होतं. तो म्हणाला, "येनारच हाय, बाईसाहेब."

मला वाटलं, आता आपण एकटेच. तिथं रेडिओ नसणार.

पुण्यापर्यंत आगगाडी, पुढं भोरला जाणारी सर्व्हिस मोटार. शिवऱ्याला मोटार थांबली तेव्हा शेजारच्या माणसानं धोतराच्या गाठोड्यातून बाहेर आलेली माझी चोच बघून विचारलं, "किटली काय, पाव्हनं?"

"किटली न्हवं," रखमाजी म्हणाला. "औशिदाचं यंत्र हाय. घरच्या मालकिणीसाठी."

हे शब्द मी जपून ठेवले. मालकिणीसाठी. भोरपासून पुढं तो नीरेच्या काठानं चालत निघाला आणि मी त्याच्या डोक्यावर. चढ लागला की तो मला खाली उतरवायचा, तार नीट गुंडाळायचा आणि मग दम खायचा. इतक्या जपणुकीनं मला कुणी नेलं नव्हतं.

रखमाजीच्या घरात त्याची बायको साळूबाई, मुलगा भिमा आणि सून फुलाबाई. भिमा दिवसभर शेरडांमागं रानात. रखमाजीनं मला देवाच्या शेजारच्या फळीवर ठेवलं. सगळी वाडी बघायला आली. शेजारचा कोंडिबा सगळ्यात शेवटी आला आणि मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला.

"रखमाजी, ह्याला शेपूट हाय, चोच हाय. पाय कुठं गेलं?"

"हसू नगंस. ह्या शेपटातनंच सगळा खेळ हाय. तारंतनं इस्तू येतो आन डब्यात पानी उकाळतं. लाकूड न्हाई, धूर न्हाई."

"आन तारंत इस्तू कोन घालतं?"

"यील की. भोरावरनं खांब येनार हायती."

"मंग तवर कोंबडी बसीव त्याच्यावर," कोंडिबा म्हणाला आणि सगळे हसले.

साळूबाई हसली नाही. तिनं हात पदराला पुसला आणि माझ्या अंगावरून एकदाच फिरवला. बारकी, वाळलेली बाई. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करायची. "लई गार हाय," ती म्हणाली. मी मनात म्हणालो, थांब, वीज येऊ दे, मग बघ.

वीज आली नाही. पण श्रावणाच्या आधी तिची धाप आली, आणि तेव्हा मी त्या मडक्याला पहिल्यांदा नीट पाहिलं.

उतरंडीतलं एक काळपट, बसकं मडकं. तोंड अरुंद. साळूबाई लग्न होऊन आली तेव्हा मार्गासनीहून, आईच्या घरून, मांडीवर घेऊन आलेली. त्यात जेवणाचं काही कधी शिजवत नसत. ते फक्त वाफेचं. फुलाबाईनं त्यात पाणी, निरगुडीचा पाला, चिमूटभर ओवा घातला, चुलीवर उकळी काढली आणि खाली उतरवलं. साळूबाईनं ते दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घेतलं. डोक्यावरून घोंगडं ओढलं. आतून तिचा आवाज आला.

"ये गं बया. सोड माजा गळा."

ती मडक्याशी बोलत होती.

फळीवरून मला सगळं दिसत होतं. घोंगड्याच्या आत वाफ, वाफेत तिचं तोंड, आणि ते कुबट मडकं तिच्या गुडघ्यांत. मला कुणी गुडघ्यांत धरलं नव्हतं. वकिलीणबाई माझ्यासमोर खुर्चीवर बसायच्या आणि हाताभर अंतर ठेवून तोंड पुढं करायच्या. साळूबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओला, लाल झालेला. श्वास मोकळा. तिनं मडकं हातानं पुसलं आणि परत उतरंडीवर ठेवलं, पोरगं निजवावं तसं. मग रखमाजीनं माझ्यावरची धूळ पुसली. मला ती धूळ चालली असती.

पुढं असंच. धाप आली की मडकं. रखमाजी दर वेळी फळीकडं बघून म्हणायचा, "ईज आली की मग तुला येवढं कराया नगं." आणि साळूबाई म्हणायची, "येऊं द्या की. म्या कुठं नगं म्हनते?" पण म्हणताना तिचा हात मडक्यावर असायचा. मी काय बोलणार? ते कुंभाराच्या चाकावरचं, मी कारखान्यातला. माझ्या अंगावर मुलामा, त्याच्या अंगावर काजळी. रोज मी त्याच्याकडं बघायचो आणि म्हणायचो, हे फुटावं.

ते फुटलं.

पुढच्या पावसाळ्यातले भाताच्या लावणीचे दिवस होते. रखमाजी आणि कोंडिबा एकमेकांच्या खाचरात आळीपाळीनं लावणीला जात. पाऊस असा, की शेरडं दिवसाही घरात बांधलेली आणि भिमा त्यांच्यासाठी पाला आणायला गेलेला. एक करडू दाव्यातून सुटलं, ओट्यावरून आत आलं आणि उतरंडीवर चढलं. सगळी उतरंड खाली आली. मिठाचं, नाचणीच्या पिठाचं, डाळीचं, सगळी मडकी जमिनीवर, आणि त्यांत ते.

मला आनंद झाला. तो लपवत नाही.

साळूबाई खाली बसली. पीठ गोळा करायचं सोडून तिनं त्या एका मडक्याची खापरं वेचली. खालचं बूड शाबूत राहिलं होतं, ते मांडीवर घेतलं. "आयेचं व्हतं," ती म्हणाली. रडताना तिचा श्वास अडकला. आणि तो अडकलेला सुटलाच नाही.

धाप चढत गेली. तिचे खांदे वर यायला लागले, ओठ निळसर झाले. "मडकं," ती म्हणाली. मग फुटलेलं आठवून तिनं मांडीवरचं बूड घट्ट धरलं. फुलाबाईनं इकडंतिकडं बघितलं. तवली होती, पण तिचं तोंड रुंद, वाफ धरणार नाही. मग तिची नजर वर गेली. माझ्याकडं.

"आत्याबाई, यंत्र लावू?"

साळूबाईनं नुसती मान हलवली.

फुलाबाईनं मला खाली काढलं. पाणी घातलं. झाकणावरच्या कापसाच्या वाटीत पाला कोंबला. सासऱ्याचं बोलणं तिनं मन लावून ऐकलं होतं. तारेतनं इस्तू येतो. मग तिनं माझी तार सोडली, टोक चुलीकडं नेलं आणि धगधगीत निखाऱ्यांत खुपसलं. वरून फुंकणीनं फुंकलं, म्हणजे इस्तू तारेत लवकर शिरावा. मग माझ्या अंगाला हात लावून बघत बसली.

"अजून गारच हाय," ती म्हणाली. "लांब हाय तार. येळ लागंल."

मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. सूत पेटलं. सुताखालचं रबर वितळायला लागलं आणि काळा, तिखट धूर निघाला. दार पावसामुळं लावलेलं. घर भरलं. साळूबाई खोकायला लागली, मग खोकताही येईना. मी तिच्यापासून हातभर अंतरावर. तिच्या छातीसाठी मला डोंगर चढवून आणलं होतं, आणि तिची छाती माझ्याच धुरानं बंद होत होती.

फुलाबाईनं तिला काखेत धरून ओट्यावर ओढत नेलं आणि पावसाकडं तोंड करून हाका मारल्या. "मामंजी! अवं मामंजी!" खाचर जवळच होतं. रखमाजी आणि कोंडिबा चिखलाच्या पायांनी धावत आले.

रखमाजीनं आधी बायकोकडं बघितलं, मग आत माझ्याकडं. तार अर्धी जळालेली होती. चुलीतल्या तिच्या टोकावरून वितळलेलं रबर ठिबकत होतं.

"तुमीच म्हनला व्हता," फुलाबाई रडत म्हणाली, "तारंतनं इस्तू येतो."

"व्हय," रखमाजी म्हणाला. "म्याच म्हनलो व्हतो."

त्यानं तार ओढून अंगणात फेकली. दार सताड उघडलं. कोंडिबानं घोंगडं हलवून धूर बाहेर काढला. साळूबाई भिंतीला टेकून बसली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. रखमाजीनं मला उचललं, उपडं करून पाणी ओतून दिलं आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली.

कोंडिबा म्हणाला, "रखमाजी, ईज आल्यावर लागंल की रं ते."

पहिल्यांदाच तो चेष्टा करत नव्हता.

"ईज यायची तवा यील. हिचा दम आत्ता जातोय."

कुऱ्हाडीचं तुंबं, पात्यामागची बोथट बाजू, माझ्या काळ्या बुडावर बसलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. बूड फुटलं, आतल्या तारा लोंबल्या, त्या त्यानं चिमट्यानं उपटल्या. चोचीचं झाकण काढून बाजूला टाकलं. उरलं नुसतं तांब्याचं भांडं. तेवढा मी. मला त्यानं तीन दगडांच्या मध्ये, जाळावर ठेवलं.

आत पाणी. निरगुडी. ओवा. जाळ माझ्या पांढऱ्या अंगाला लागला आणि मुलामा तडतडत सुटायला लागला. विजेच्या उकळीत असं दुखत नाही. पण उकळी आली, माझीच होती ती.

मला खाली उतरवून साळूबाईसमोर ठेवलं. काठ तापलेले, म्हणून तिनं मध्ये चिंध्या घेतल्या आणि मला दोन्ही गुडघ्यांत धरलं. वरून घोंगडं आलं. अंधार झाला. त्या अंधारात तिचं तोंड माझ्यावर वाकलं, आणि मी जेवढी होती तेवढी सगळी वाफ सोडली. आधी ती नुसती थरथरत होती. मग एक श्वास आत गेला. मग दुसरा, जरा खोल. तिच्या नाकाचं पाणी माझ्यात पडत होतं.

बऱ्याच वेळानं घोंगडं बाजूला झालं.

"कसं वाटतंय?" रखमाजीनं विचारलं.

"लई चटकतंय," साळूबाई म्हणाली. "मडक्यागत न्हाई."

तेव्हाही मडकंच. पण ती बोलत होती, आणि मध्ये न थांबता बोलली होती, म्हणून मी ते सोसलं.

आता मी काळा आहे. मुलामा ठिकठिकाणी उडालाय, एका बाजूला पोचा आहे. माझं चोचीचं झाकण फुलाबाई दिव्यात तेल ओतायला वापरते. ते माझंच, पण त्याला रोज हात लागतो आणि मला फक्त धापेला, हे मला अजून सहन होत नाही. जुन्या मडक्याचं बूड साळूबाईनं दारात ठेवलंय, कोंबड्यांच्या पाण्याला. रोज सकाळी ती ते हातानं विसळते. मी बघतो.

पाऊस उघडल्यावर रखमाजीनं भोरच्या बाजारातून नवं मडकं आणलं होतं. लालभडक, गोल. माझ्या काळजाचं पाणीपाणी झालं. साळूबाईनं ते वाजवून बघितलं, त्यात तोंड घालून वास घेतला. "नवं हाय," ती म्हणाली. "ह्याला अजून पाल्याचा वास न्हाई. मीठ ठिवा त्यात." आणि मग खोकला आला म्हणून सुनेला हाक मारली.

"फुले, माजं मडकं आन गं."

फुलाबाई दारातल्या बुडाकडं गेली नाही. नव्या मडक्याकडंही गेली नाही. तिनं मला उचललं.

दादरला मला कुणी मडकं म्हटलं असतं तर मी रुसून उकळलोच नसतो.

कोंडिबा परवा सांगत होता, भोरावरून खांब येणार म्हणे, या वेळी नक्की. येवोत. कुणी मुंबईहून पांढरं, चोचीचं, तारेचं नवं यंत्रही आणील. आणा. त्याला देवाच्या शेजारी त्या फळीवर ठेवा. तिथून चूल चांगली दिसते. घोंगडं दिसतं, घोंगड्याखालचे साळूबाईचे गुडघेही दिसतात. बघू दे त्याला.