तुळशीरामच्या अंगणातली

जनीच्या लेखी सिनेमे दोनच प्रकारचे होते: भुताचे आणि वाया गेलेले. ती पनवेलच्या बाजारात सुकट-बोंबील विकायची. एसटी स्टँडमागच्या मैदानात फिरत्या टॉकीजचा तंबू उभा राहिला की हात टोपलीत आणि कान भोंग्याकडे, अशी तिची गत व्हायची. देवादिकांचा खेळ असेल तर ती टोपली डोक्यावर घेऊन सरळ आपल्या गावाची, विचुंब्याची वाट धरायची. भुताचा असेल तर बायकांच्या बाजूला, कनातीला पाठ लावून, पहिल्या दिवशी हजर.

सिनेमांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. ती सिनेमा ओळखायची तो त्यातल्या भुतावरून. विहीरवालीचा नंबर पहिला, आणि यावर कोणी वाद घालायचा नाही. आरशातली दिसायला देखणी, पण मेलीला धड बोलता येत नव्हतं, म्हणून ती दुसरी. झोपाळ्यावरचीला तर नंबरच नव्हता. ती शेवटी भूत निघालीच नाही, इस्टेटीसाठी कुणीतरी सोंग आणलं होतं. त्या दिवशी जनी तंबूच्या मालकाला तोंडावर फसव्या म्हणून आली होती. भूत असेल तर खरं असावं, नाहीतर माणसाला घाबरवू नये, असा तिचा कायदा होता.

त्या उन्हाळ्यात विहीरवाली पुन्हा लागली, तेव्हा जनीने शेजारच्या तुळशीरामची नवी सून शकू हिला बरोबर नेलं. शकूचा नवरा शिवा मुंबईला गोदीत कामाला, पोर घरात एकटी पडलेली. सासू हौसाने कुरकुरत का होईना, पण जाऊ दिलं. पोरीने डोळ्याची पापणी न हलवता सगळा खेळ पाहिला आणि घरी येताना वाटभर विहीरवालीचं बोलणं पाठ म्हणत आली. जनीला तिचं फार कौतुक वाटलं. आपल्यामागे कोणीतरी तयार होतंय, असं तिला वाटलं.

आणि त्याच आठवड्यात शकूने बोलणं टाकलं. जेवण टाकलं. खांबाला टेकून खाडीच्या दिशेला बघत बसायची. हौसाने दोन दिवस वाट पाहिली आणि निदान करून मोकळी झाली: तंबूतलं भूत पोरीवर बसलं, आणि ते आणलं जनीने. काळूराम भगताला रविवारी बोलवायचं ठरलं. काळूराम भगत म्हणजे मिरच्यांची धुरी आणि कडुलिंबाचा फोक. तंबूतला सिनेमा हे पाप आहे, तिथे वारं लागतं, असं तो गावोगाव सांगत फिरायचा.

जनीला राग आला, पण तिने तो गिळला आणि विहिरीवर शकूला एकटीला गाठलं. भुतं कशी बसतात हे तिला हौसापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि हे भूत नव्हतं. तिने नुसतं विचारलं, काय झालं. पोरगी घागरीवर डोकं टेकून रडली. द्रोणागिरीच्या पायथ्याच्या तिच्या माहेराहून मासळीवाल्याबरोबर निरोप आला होता. आई खाटेला खिळली आहे, आता फार दिवस नाहीत, लेकीची वाट बघते आहे. शकूने सासऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, त्या दारात आमच्या घरचं माणूस जाणार नाही. लग्नात तुळशीरामच्या मेहुण्याला पहिल्या पंगतीत पाट मिळाला नव्हता. तो उठून गेला होता, आणि तुळशीरामने भरल्या मांडवात भावकीसमोर शब्द दिला होता की हे दार आपल्याला बंद.

जनी त्याच संध्याकाळी तुळशीरामकडे गेली. तिने गोडीत सांगितलं, मग भांडून सांगितलं. तुळशीराम वाईट माणूस नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला की जीव तुटतो, पण भावकीसमोर दिलेला शब्द मी माझ्या तोंडाने कसा मोडू. जनी घरी आली, चुलीपुढे बसली आणि भाकरी करपेपर्यंत विचार करत राहिली. तिच्या सगळ्या आवडत्या बाया तिला आठवल्या. जिवंत असताना त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. मेल्यावर मात्र जमीनदार, दिवाण, पुजारी, सगळे हात जोडून विचारत होते, बाई, तुला काय पाहिजे. माणसापुढे जो वाकत नाही तो भुतापुढे वाकतो. तुळशीरामलाही वाकायला जागा हवी होती, आणि ती जागा रविवारी त्याच्याच अंगणात होणार होती.

सोंगाचा तिला मनापासून तिटकारा. तरी दुसऱ्या दिवशी तिने विहिरीवर शकूला शिकवायला घेतलं. आधी घुमायचं, मग केस सोडायचे, भगताने विचारलं की माहेर मागायचं, आणि धुरी दिली तरी मागणी सोडायची नाही. शकू भित्री होती. जनीने तिला एकच सांगितलं: "आये डोल्यासमोर ठेव. भूत मंग आपोआप येल."

रविवारी दिवेलागणीला तुळशीरामचं अंगण भरलं. सगळी भावकी जमली होती, आणि जनीला तीच हवी होती. काळूरामने अंगारा लावला, लिंबू उतरवलं, निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. शकू घुमली, केसही सोडले. काळूरामने फोक आपटून दरडावलं, "कोन तू? काय पायजे?"

एवढी माणसं आणि तो फोक पाहून पोरीला शिकवलेलं सगळं विसरायला झालं. तोंडात आलं ते विहीरवालीचं, पाठ झालेलं.

"मैं अभी गई नहीं हूँ," शकू म्हणाली. "मेरी बात किसी ने सुनी नहीं."

विचुंब्यातलं भूत हिंदी बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. कोपऱ्यातून कोणीतरी हसलं. तुळशीरामने भुवया आक्रसल्या आणि आमच्या गावचं भूत असली भाषा कशाला बोलेल, असं पुटपुटला. सोंग उघडं पडलं तर शकूची आईशी भेट तर जाणारच, पण पोरीला या घरात उभ्या जन्मात कोणी खरं मानणार नव्हतं.

काळूराम शकूकडे बघत राहिला. मग त्याने फोक खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तू किसकी राह देख रही है, बेटी?"

जनी दचकली. सिनेमात म्हातारा पुजारी विहिरीच्या काठावर बसून विहीरवालीला हेच विचारतो, शब्दाला शब्द. म्हणजे हा पापी माणूस तंबूत येत होता. पुरुषांच्या बाजूला, भर उन्हाळ्यात तोंडावर मफलर गुंडाळून बसणारा एक जण दर खेळाला असायचा, तो कोण हे तिला आत्ता कळलं. काळूरामनेही तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

विहीरवालीने पुजाऱ्याला जे उत्तर दिलं होतं ते शकूला येत होतं. पण इतक्या मऊ आवाजात तिला या घरात कोणी काही विचारलंच नव्हतं. ती रडायला लागली, आणि हिंदी तिथेच संपली.

"माज्या आयेची," ती म्हणाली. "ती मरायला टेकली हाय. मना तिच्या दारान उभी करा. मना दुसरा काय नको."

आता कोणी हसलं नाही. हौसानेही पदर डोळ्यांना लावला. काळूरामने अंगाऱ्याची चिमूट हवेत उधळली आणि निकाल दिला. हे वारं पाण्यावरचं आहे, परमुलखातून आलेलं आहे, म्हणून त्याची भाषा तशी. ते खाडी ओलांडूनच उतरेल, आणि ते पोरीच्या जन्माच्या उंबऱ्यावर. अडवलंत तर घरात ठाण मांडेल. तुळशीरामने भावकीकडे पाहिलं. भुताच्या मागणीपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. त्याने हात जोडले आणि कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

पण हौसा हौसाच होती. ज्या बाईने हे तंबूतून आणलं तिचं काय, असं तिने विचारलं. जनीने गावदेवीची आण घ्यावी की पुन्हा तंबूत पाऊल टाकणार नाही, तरच सूनबाई उंबरा ओलांडेल. काळूराम गडबडला. एक वर्षाची आण पुरे आहे, असं काहीतरी म्हणू लागला. पुढच्याच आठवड्यात नवा खेळ लागायचा होता. गच्चीवर कंदील घेऊन उभ्या बाईचं पोस्टर स्टँडच्या भिंतीवर चिकटलं होतं, आणि जनी रोज टोपली ठेवून ते बघत होती. तिने पुढे होऊन अंगारा उचलला, कपाळाला लावला आणि आण घेतली. वर्षाची नाही, जन्माची.

सकाळच्या भरतीला पनवेल बंदरातून मचवा निघाला. जनी शकूला घेऊन गेली. आई जिवंत होती आणि तिने लेकीला ओळखलं. तिला उठवत नव्हतं, तरी तिने भाकरी मागवली, पडल्या पडल्या पेजेत कुस्करली आणि आपल्या हाताने लेकीला भरवली. शकू शेवटपर्यंत तिथेच राहिली. आईचे दिवस करायला तुळशीराम स्वतः गेला, मेहुण्याला घेऊन.

जनीने आण पाळली. भोंगा वाजला की ती मान फिरवून गिऱ्हाइकाशी जास्त मोठ्याने बोलायची. एका दुपारी काळूराम भगत तिच्या टोपलीपुढे येऊन उकिडवा बसला. इकडेतिकडे बघत त्याने कंदीलवालीची सगळी गोष्ट सांगितली. वाईट सांगितली, मधलं शेवटी आणि शेवटचं मधे. जनीने त्याला चार वेळा अडवून नीट लावून घेतली. मग त्याने विचारलं, हिचा नंबर कितवा.

"तिसरी," जनी म्हणाली.

"आनि पयली विहीरवालीच?"

"ती दुसरी झाली. पयली तुळशीरामच्या अंगनातली."

काळूराम म्हणाला की ते तर सोंग होतं, आणि सोंगासाठी तू तंबूवाल्याशी भांडली होतीस.

"हिंदीत बोलली तवर सोंग होता," जनी म्हणाली. "आयेचा नाव घेतला त्याच्यापुढं नवता."

तिने मूठभर सुकट कागदात बांधून त्याच्या हातात दिली आणि कंदीलवाली गच्चीवर पहिल्यांदा दिसते तो भाग पुन्हा सांगायला लावला.