हुग्गीची कढई

संगमेश्वर फौजेत स्वयंपाकी होता. श्रावणात तो सुट्टीवर मुरुडजवळच्या आपल्या गावी आला. मोठ्या कढईची त्याला सवय, म्हणून मठातल्या सोमवारच्या प्रसादाची हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, यंदा त्याच्याकडे दिली होती. त्याची सात वर्षांची शिवानी चुलीजवळ उभी राहून येईल त्याला सांगत होती, "हे माझे अप्पा. फौजेत हायत."

"बंदूक कुठाय मग? हातात तर झाराच दिसायलाय," शिवानीची गौरम्मा आत्या भावाला म्हणाली. बायका हसल्या.

शिवानीला राग आला. "बंदूकबी हाय! आन् अप्पांनी मटण केलं की अख्खी पलटण बोटं चाटती. साहेबांनी मला फोनवर सांगितलंय!"

हसणं थांबलं. त्यांच्या लिंगायत घरांत अंडंसुद्धा शिजत नसे. मठाचे कारभारी शरणप्पाकाका चुलीपाशी आले.

"काय म्हणायली रे ही? तू तर म्हणालास, नुसता डाळभात शिजवतो."

संगमेश्वर हुग्गी हलवत राहिला.

"लेकराचं काय ऐकता काका? दादा, सांग की खोटं हाय म्हणून," आत्या घाईनं म्हणाली.

तेवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. त्यानं शिवानीकडे पाहिलं. अप्पा आता सगळ्यांची तोंडं बंद करणार, अशा खात्रीनं ती हनुवटी वर करून उभी होती.

"खरं हाय," तो म्हणाला. "पोरं पहाऱ्यावर जातात. त्यांना खाऊ घालणं माझं काम हाय."

"आन् त्याच हातानं प्रसाद? गळ्यात लिंग कशाला बांधलंस मग? सोड झारा!" शरणप्पाकाका कडाडले.

"माझ्या उंबऱ्यावर येऊ नको आता," आत्या म्हणाली. "सासरी काय तोंड दाखवू मी?"

संगमेश्वरनं झारा खाली ठेवला. कोणीच तो उचलला नाही.

"अप्पा, खाली लागायलंय!" शिवानी ओरडली.

त्याचा हात आपसूक पुढे गेला. शरणप्पांनी तो झिडकारला. "हात लावायचा न्हाई!"

"लाकूड तरी मागं ओढा, काका."

"तू नीघ!"

करपल्याचा वास मठाच्या दारापर्यंत त्यांच्या मागं आला. शिवानीचे डोळे भरले. "मी चुकीचं सांगितलं का?"

"न्हाई."

मागं कढई पालथी केल्याचा आवाज झाला. शिवानीनं वळून पाहिलं, मग बापाचा झाऱ्यानं लाल झालेला हात घट्ट धरला.

"जाऊ द्या अप्पा. तुमच्या पलटणीला करून घाला हुग्गी. ते खातील."