मेहुण्याचा पाइप

माझा मेहुणा शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मुख्य ऑपरेटर आहे आणि आमचं घर त्याच नदीकाठी, केंद्राच्या खालच्या अंगाला. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी सगळं पाहिलं. नदी कुठून कुठे वाहते, तेवढं पाहायचं राहिलं.

केंद्राचा जुना पाइप काठालाच उघडायचा. पाणी शुद्ध करूनच सोडतो, असं मेहुणा शपथेवर सांगायचा. पण ते काठ धरून, फेस मिरवत थेट आमच्या पायऱ्यांपर्यंत यायचं. आई बायकोला म्हणायची, “तुझ्या माहेरचं आलं बघ.” शेवटी तिने फर्मान काढलं, हे थांबेपर्यंत त्या गृहस्थाने आमचा उंबरा ओलांडायचा नाही. बहीण-भाऊ सहा वर्षं बसस्टॉपवर भेटत होते.

यंदा पाइप नदीच्या तळातून पार मध्यापर्यंत नेला. टोकाला सोळा बारीक तोंडं ठेवली, म्हणजे पाणी एका जागी न पडता खोल धारेत मिसळून जावं. खात्रीसाठी सोमवारी त्यातून निरुपद्रवी लाल रंग सोडणार होते. आईने जाहीर केलं, रंग आपल्या पायऱ्यांना लागला तर तो माणूस कायमचा बाहेर. नाही लागला, तर त्याच दिवशी जेवायला.

दुसऱ्याच्या तपासणीवर आईचा विश्वास नाही. तिने उशीचा पांढरा अभ्रा दोरीला बांधला, खालच्या पायरीवर खुर्ची टाकली आणि दर दहा मिनिटांनी अभ्रा बुडवून चष्म्यातून न्याहाळू लागली. बायको वरच्या पायरीवर अर्धा तास एकच वाटाण्याची शेंग सोलत होती. मी तटस्थ होतो, म्हणजे दोघींनाही घाबरून होतो.

रंग दहाला सोडला. पायऱ्यांपर्यंत येणारच असता तर साडेदहाला पोचायला हवा होता. अकरा वाजले, बारा वाजले, नदी होती तशीच. तुझा भाऊ रंग टाकायला विसरला असेल, असं आईचं मत पडलं. मी फोन लावला. दोन डबे ओतले, मेहुणा म्हणाला. पुलावरून मधल्या धारेत फिकट पट्टा दिसला आणि विरला. मग हळूच त्याने विचारलं, “मावशी काय म्हणतात?”

आईने अभ्रा पिळून उन्हात धरला. बराच वेळ उलटसुलट केला.

“तू धुतेस त्यापेक्षा पांढरा निघाला,” ती बायकोला म्हणाली. “बोलव त्याला जेवायला.”

बायकोने टोमणा ऐकलाच नाही. माझ्या हातातला फोन ओढून ती म्हणाली, “दादा, पुढच्या दाराने ये.”