पडद्यावरची खंडेनवमी

दोन हजार पाचची खंडेनवमी. गंगावेशीतल्या आमच्या गेमच्या गाळ्यात सगळ्या कॉम्प्युटरांना हळदीकुंकू लावून झालं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटला. मी प्रसाद वाटेपर्यंत माझा मुलगा जयसिंग आणि त्याचा दोस्त अतुल यांचं वाजलंसुद्धा.

दोघं लहानपणापासूनचे जोडीदार. जयसिंग शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. अतुल दसऱ्यानंतर नोकरीसाठी पुण्याला निघालेला. त्याआधी इचलकरंजीच्या जोडीशी आज शेवटचा सामना. मला हारजितीचं काही नव्हतं. पोरं तोंड फिरवून वेगळी होऊ नयेत, एवढंच पांडुरंगाकडे मागणं.

भांडण कशावरून? तर गेममध्ये ज्याला त्याला लढाईचं एक यंत्र मिळतं. दोन पायांचं, खांद्यावर तोफा. त्याला हवा तो रंग देता येतो. जयसिंग सकाळीच फौंड्रीतल्या मशीनची पूजा करून आला होता. त्याच भरात त्यानं पडद्यावरचं यंत्रही हळदीसारखं पिवळंधमक केलं आणि छातीवर कुंकवाचा टिळा ओढला.

"आबा, ह्याला सांगा की!" अतुल म्हणाला. "गेममधल्या आपल्या फौजेचं गाव जळालंय. गाव परत मिळूस्तवर यंत्राला रंग लावायचा न्हाई, राखेचाच ठेवायचा, अशी शपथ हाय त्यांची. सगळी गोष्ट त्याच्यावर उभी हाय."

ऐकून मलाच गहिवरल्यासारखं झालं.

"कुठल्या तालुक्यात आलं हे गाव?" जयसिंग म्हणाला. "यंत्र माझं हाय. खंडेनवमीला हत्यार बिनपूजेचं ठेवू व्हय?"

"मग गोष्ट तरी कशाला पायजे? ट्रॅक्टरच चालीव की. मागं 'आईचा आशीर्वाद' लिहून."

"लिहिणारच हुतो. जागा पुरंना."

मला हसू फुटलं, पण अतुलचे डोळे भरले होते. "आबा, तुम्ही एवढी कीर्तनं ऐकता. तुम्हीच निकाल द्या."

आता काय द्यावा? आमच्याकडे येणारे एक बुवा अर्जुनाच्या घोड्यांच्या गळ्यात शर्यतीच्या बैलांसारख्या घुंगुरमाळा बांधायचे. त्यांचा नाद झांजेवर काढला की सभा डोलायची. पोथीत माळा नाहीत. पण मला आता त्या माळांशिवाय कुरुक्षेत्र दिसतच नाही. आणि एकदा दुसऱ्या बुवांनी, समोरच्या बायका रडायला लागल्या म्हणून, अभिमन्यूला चक्रव्यूहातून जिवंत बाहेर काढलं. मी उठून चपला घातल्या. देवासमोर खोटं बोलल्यासारखं वाटलं ते.

दोन्ही गोष्टी मी पोरांना सांगितल्या.

"मग ही हळद घुंगुरमाळ हाय का अभिमन्यू?" अतुलनं विचारलं.

"तेच मला कळंना झालंय रे."

"ह्याला निकाल म्हणत्यात व्हय, आबा?" जयसिंग कपाळावर हात मारून म्हणाला.

तेवढ्यात इचलकरंजीची जोडी आली. वाद तसाच टाकून दोघं बसले. एक राखेचं यंत्र, एक पिवळं. मी मागे उभा. पडद्यावर धुरळाच धुरळा. त्यातून एक पिवळं यंत्र वळून आलं आणि अतुलनं तोफ डागली. गोष्टीतली शत्रूची फौज नेमकी पिवळी होती. जयसिंगचं यंत्र टिळ्यासकट गुडघ्यावर आलं.

"आरं, मी हाय! दोस्ताला वळखत न्हाईस?"

"वळखू कसा? शत्रूचा रंग लावून आलास की!"

इचलकरंजीवाले खुर्चीतून पडायचे राहिले. "पावणं, तुमचं तुम्हीच उरका. आमी च्या पिऊन येतो."

सामना गेला. मला वाटलं, अतुल आता म्हणणार, बघ, गोष्ट पाळली असतीस तर. पण त्यानं खुर्ची जयसिंगकडे वळवली.

"तू कायम डावीकडनं येतोस," तो हळूच म्हणाला. "मला ठावं हाय ते. तरीबी रंगच बघितला मी."

"आन् मला ठावं हुतं ते पिवळे हायती. तरीबी लावलं," जयसिंग म्हणाला.

पाहुण्यांनी जाता जाता आणखी एक डाव मागितला. दोघांनी आपापल्या पडद्याशी काहीतरी खाटखूट केलं. डाव उघडला तर अतुलचं यंत्र पिवळंधमक, टिळा लावलेलं, आणि जयसिंगचं राखेचं!

"शपथ मोडलीया मी. आता गप बस," अतुल पुटपुटला.

"मी बिनपूजेचा आलोय. सांभाळून घे," जयसिंग म्हणाला.

इचलकरंजीचा एकजण खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे वळला. "ओ आबा, ह्यातला आमचा कंचा आन् तुमचा कंचा?"

मला तरी काय ठाऊक!