निरोगी रक्ताची नळी

"आई, ताप एकशे पाचच्या खाली येतच नाहीये!" मुलगी फोनवर रडत होती. "सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, जंतूबिंतू काही सापडत नाही. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा दवाखान्यात आणलंय बाळाला."

बाई पशुसंशोधन संस्थेच्या गोठ्यात उभ्या होत्या. फोन कान आणि खांदा यांच्यात दाबलेला, डावा हात एका वासराच्या मानेभोवती आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्या जबड्यात. समोर आठ दात हवेत तिथे दोनच, अंगावर केस विरळ. असली साडेतीनशे वासरं बाईंनी आजवर तपासली होती. त्यांना घाम येत नाही. सावली मिळाली नाही तर ती तापून मरतात. दोष आईकडून येतो, नराला पुरता भोवतो. गाय तो नुसता वाहून नेते, फार तर तिचा एखाददुसरा दात कमी असतो. माणसांच्या मुलांतही हाच दोष याच जनुकामुळे येतो, हे दाखवून देणाऱ्या मोजक्या लोकांत बाईंचं नाव होतं. त्यावर त्यांची अख्खी नोकरी उभी होती.

"घाम येतो का गं त्याला?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"घाम, घाम! झोपेत कधी उशी ओली झालेली पाहिलीस?"

"नाही... कधीच नाही. सासूबाई तर कौतुक करतात, किती स्वच्छ बाळ आहे म्हणून."

चौदा महिन्यांचं पोर, तोंडात एक दात नाही, डोक्यावर जावळ नावापुरतं. गेल्याच महिन्यात बाई त्याला मांडीवर घेऊन "टकलू, माझा टकलू" म्हणून खिदळल्या होत्या. दात कधी येतील असं लेकीनं विचारलं तर म्हणाल्या होत्या, "येतील गं, घाई कसली!" वा रे शास्त्रज्ञ! लोकांच्या गाईंचे दात मोजायला दोन-दोन दिवसांचा प्रवास केला, आणि मांडीवरच्या नातवाचं तोंड उघडून पाहायचं सुचलं नाही.

"अंगात काय घातलंय त्याच्या?"

"स्वेटर. वर चादर. हुडहुडी भरेल म्हणून..."

"काढ! सगळं काढ आधी! उघडा कर, ओल्या कापडानं पुसत राहा, अंगावर पंखा सोड. आणि डॉक्टरांना फोन दे."

डॉक्टर समंजस निघाले. बाईंचं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं, जबड्याचा एक्स-रे काढतो म्हणाले आणि मग विचारलं, "तुमच्या घरात कुणाला असं आहे का? जनुकात बिघाड नेमका कुठं आहे ते माहीत असेल तर तपासणी चार दिवसांत होईल. नाहीतर दोन महिने धरा."

"नाही," बाई म्हणाल्या. मग वासराची मान त्यांच्या हातातून सुटली. "थांबा. एक कागद आहे. आणते."

कागद नव्हता, वही होती. जुन्या वह्या तळघरातल्या भांडारात असतात आणि भांडारावर काटेकोर बसतो, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. काटेकोर म्हणजे बाईंचाच पूर्वीचा प्रयोगशाळा सहायक. प्रत्येक नळीवर तो तीन वेळा तपासून चिठ्ठी डकवायचा, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे नाव. बावीस वर्षांपूर्वी बाईंनी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. त्याची बढती गेली आणि तो इथे खाली आला. तेव्हापासून बाई एकदाही तळघराचा जिना उतरल्या नव्हत्या. काही लागलंच तर शिपायाला पाठवत.

"वही हवी होती," बाई म्हणाल्या. "माणसांच्या नमुन्यांची. बावीस..."

पुढचं ऐकायच्या आत काटेकोर उठला. रॅककडे गेला नाही. स्वतःच्या टेबलाचा खण उघडून त्यानं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली आणि नेमकं पान उघडून समोर ठेवलं.

पानावर बाईंचंच अक्षर होतं, लाल शाईत. 'नमुना नऊ, निरोगी. निकाल अमान्य. नळ्यांची अदलाबदल. सहायकाचा निष्काळजीपणा.'

आजारी मुलांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्यासाठी कोण गावभर हिंडणार? प्रयोगशाळेतलंच कुणीतरी बाही वर करतं. त्या दिवशी बाईंनी केली होती. निकालात बिघाड दिसला, अगदी आजारी मुलांच्या आयांच्या रक्तात दिसतो तसाच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्या रक्तात? शक्यच नाही! या गाढवानं नळ्या बदलल्या.

"मी तेव्हा काय म्हणालो होतो, आठवतं?" काटेकोरनं विचारलं. "म्हटलं, बाई, पुन्हा एकदा तुमचंच रक्त द्या, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नका."

"हो."

"दुसऱ्या दिवशी निरोगी म्हणून माझं रक्त घेतलंत. ते मात्र चाललं तुमच्या शोधनिबंधाला."

"माझ्या नातवाला तोच आजार आहे," बाई म्हणाल्या. "आणि माझे वरचे दोन दात कधी आलेच नव्हते. विसाव्या वर्षी बसवून घेतलेत."

काटेकोर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज चढला. "हे तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"अहो, एखाद्या गाईचा एक दात कमी दिसला तरी तिच्या कानाला खूण लावायचात तुम्ही! आणि स्वतःचे दोन नाहीत, तरी मी गाढव?" त्यानं वही टेबलावर आपटली. "बावीस वर्षं, बाई! बायकोला मी सांगून सांगून थकलो की नळी मी बदलली नव्हती. शेवटी तीसुद्धा म्हणाली, झाली असेल हो चूक, माणूसच आहे. घरात मान वर करायची सोय ठेवली नाहीत तुम्ही मला."

"माझी चूक झाली. मी लिहून देते. संचालकांना..."

"काय करू तो कागद घेऊन? चाटू? पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय मी." त्यानं वही पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि बाईंच्या हातात कोंबली. "जा आता. इथं काय उभ्या राहिलात? पोराकडे जा."

दवाखान्यात पोहोचेपर्यंत ताप एकशे दोनवर आला होता. पोर उघडंनागडं, ओल्या कापडावर पडून पंख्याकडे टकामका बघत होतं. मुलीनं बाईंना मिठीच मारली. "उतरतोय गं आई! तू नसतीस तर..."

विहीणबाईही पुढे आल्या. "नशीब आमचं, एवढी हुशार आजी लाभली त्याला."

गप्प बसणं सोपं होतं. डॉक्टरांना बाजूला घेऊन वही दाखवायची, बिघाडाची जागा सांगायची आणि हुशार आजी म्हणून मिरवायचं. कुणाला पत्ता लागला नसता. बाईंना त्या कौतुकाची किळस आली. विहीणबाईंची नाही, स्वतःची. डॉक्टर एक्स-रे घेऊन आले, जबड्यात दातांचे कोंबही नव्हते. बाईंनी सगळ्यांसमोर वही उघडली आणि लाल शाईतलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. नमुना नऊ म्हणजे मी, हेही सांगितलं.

मुलीनं वाकून वहीवरची तारीख पाहिली.

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, चिमे. दिसलं होतं. मी मानलं नाही."

"मी आठ वर्षांची होते तेव्हा! एकदा, फक्त एकदा माझं रक्त तपासायचंस! लग्नाआधी, नाहीतर हा पोटात असताना. पहिल्या तापालाच आम्हाला कळलं असतं. तीन वेळा मरता मरता वाचलाय हा, आणि दर वेळी मी त्याला चादरीत गुंडाळत होते. मी! माझ्या हातानं! आणि तू त्याला टकलू म्हणून हसत होतीस."

"चिमे..."

"बाहेर हो. हात लावू नकोस त्याला. आधी बाहेर हो!"

बाई बाहेर आल्या. खोलीसमोर बाक होतं, बाकाशेजारी हात धुवायचा नळ. आतलं पाणी दुपारपासून गेलं होतं. थोड्या वेळानं दार वीतभर उघडलं आणि मुलीचा हात बाहेर आला. हातात पोराच्या अंगानं तापलेलं कापड होतं. बाईंनी ते घेतलं, नळाखाली धरलं, पिळून परत त्या हातात ठेवलं. दार लोटलं गेलं. पाच मिनिटांनी पुन्हा उघडलं.

संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं. मध्ये विहीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, आत चला, किती वेळ बसाल? तिचा राग काय, जाईल." बाईंनी मानेनंच नको म्हटलं. दार पुन्हा उघडलं. हात मनगटापर्यंतच दिसत होता. बाईंनी गार कापडाची घडी केली आणि मुलीच्या बोटांना आपलं बोट लागणार नाही अशा बेतानं ती तिच्या हातात ठेवली.