सिनेटर थर्लो यांचं चरित्र

इतिहास मंडळाच्या मिसेस हॉलवेंचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. मे उजाडला तरी त्र्यंबकरावांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. गावाच्या या मंडळाला सिनेटर अमॉस थर्लोंचं छोटं चरित्र छापायचं होतं. ‘लायब्ररीत तुम्ही त्यांच्याविषयीच वाचत असता, तर तुम्हीच लिहाल का?’ एवढंच बाईंनी विचारलं होतं.

त्र्यंबकराव हरखले आणि पाठोपाठ घाबरले. नागपूरच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला, तरी आपल्याला काही येतं यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही. आता ते अमेरिकेत वूस्टरजवळच्या या गावात मुलाकडे, गिरीशकडे, राहत होते. या लोकांचा माणूस या लोकांना सांगणारे आपण कोण?

शिवाय थर्लो सरळ माणूस नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर तो आधी गावाच्या पंचमंडळात बसला, मग राज्याच्या सिनेटमध्ये गेला. त्याने गावाला रस्ता आणला, शाळेसाठी तो भांडला. आणि पंच असताना त्याने बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांना ‘गाव सोडा’ म्हणून नोटिसा काढल्या. उद्या ती उपाशी पडली तर गावावर भार नको, अशी तेव्हाची रीतच होती. हे गुपित नव्हतं. छापील इतिहासात एका विणकराचं आणि त्याच्या बायकोचं नावही होतं.

त्यांनी मराठीत कच्चा मजकूर केला, त्यात फक्त रस्ता आणि शाळा होती. जेवताना सुनेने, सुमेधाने, तो वाचला.

“बाबा, हे चरित्र आहे की साठीच्या सत्काराचं भाषण?” ती हसली. “शाल-नारळ तेवढा राहिला!”

मग त्यांनी चाचरत नोटिसांचं सांगितलं. गिरीशचा घास हातातच राहिला.

“एक मिनिट, बाबा. जूनमध्ये माझ्या क्लिनिकचं परमिट टाउन बोर्डापुढे येतंय. मिस्टर हॉलवे त्या बोर्डावर आहेत. ते नोटिसबिटिस प्लीज ड्रॉप करा.”

“मी अजून काहीच पाठवलं नाही रे.”

“मग गोड लिहा, नाहीतर लिहूच नका. आपण पाहुणे आहोत इथे. घरमालकाच्या आजोबांची उणीदुणी कोण काढतं?”

“सोळा वर्षं टॅक्स भरतोस, दर हिवाळ्यात बर्फ उपसतोस,” सुमेधा म्हणाली. “पाहुणा कधीपर्यंत रे?”

गिरीश खाली मान घालून भात कालवत राहिला. त्या विणकरानेही अशीच मान घातली असेल, असं त्र्यंबकरावांच्या मनात आलं. लगेच ते त्यांना खोटं वाटलं. गिरीशकडे घर होतं, गाडी होती. तरी तो घाबरला होता, हे मात्र खरं होतं.

सकाळी त्यांनी पत्र लिहिलं. इंग्रजी धड आहे का, हे पाहायला तीनदा वाचलं. ‘लिहीन. रस्ता येईल, शाळा येईल, नोटिसाही येतील. चालणार नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगावं, मला राग येणार नाही.’

गिरीशने कागद वाचला. “हिअरिंग होईपर्यंत थांबता नाही येणार?”

“तसं थांबलो तर मग ते चरित्र मला लिहिता येणार नाही, गिरीश.”

त्याने कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. “बरं, चला. पोस्टापर्यंत सोडतो.”

“नको. गाडीत तुझं तोंड बघून मी परत फिरेन.”

ते चालतच निघाले. परमिट नाकारलं तर गिरीश आपल्याला कधीच काही बोलणार नाही, आणि ते न बोलणंच आपल्याला झेपणार नाही, हे त्यांना माहीत होतं. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीचं झाकण त्यांनी ओढलं, पत्र आत टाकलं. अडकलं तर नाही ना, म्हणून झाकण पुन्हा उघडून पाहिलं. पत्र खाली गेलं होतं.