सर्वांत हळू चालणाऱ्याची पावलं

त्यांच्या घरात सहल ठरवायची एकच रीत होती, आणि ती बाबांनी घालून दिली होती. बाबा आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजत हिंडले, त्यामुळे सहलीचा कागदही ते नकाशाइतक्याच गांभीर्यानं करायचे. वाट कशी, चढ किती, बसायला कुठे मिळेल, सगळं त्यात असायचं. वेळ मात्र काढायची ती घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलानं. थोरली लेक पाच वर्षांची असताना सबंध घराची सहल तिच्या पायांवर बेतलेली असे. बाबा हातात घड्याळ धरून घरापुढच्या बोळात तिच्या मागे मागे चालायचे, आणि मग कागदाखाली ‘मंजूर’ लिहून सही ठोकायचे.

गेल्या वर्षी सर्वांत हळू बाबा होते, आणि कागद तिनं केला होता.

आता बाबांना जाऊन सात महिने झाले होते. आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना, तेव्हा धाकट्या भावानं फोनवरून फर्मान काढलं, “ताई, पुढच्या शनिवार-रविवारी आईला घराबाहेर काढायचं. तू ठरव, गाडी मी आणतो. कागदबिगद मला दाखवू नकोस, वाचताना झोप येते.”

म्हणून रविवारी सकाळी ती आईकडे गेली. आई कपबशा पुसत होती. एकटीच्या घरात इतक्या कपबशा कुठून येतात, हे विचारायचं तिनं टाळलं.

“तळ्यावर जाऊ या का?” ती म्हणाली. “होडीत बसू, पक्षी बघू, झाडाखाली डबे उघडू. जास्त काही नाही.”

“गेल्या वर्षी गेलात तेच?” आईनं हात पुसले, खण उघडला आणि घडी घातलेला एक कागद काढला. “नको गं बाई. हे बघ, दोन तासांचा चढ. तूच लिहिलंयस. माझे गुडघे आधीच माझं ऐकत नाहीत. तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते. ते काही पळून जात नाही, पण सांभाळते.”

तुम्ही जाऊन या. बाबाही हेच म्हणाले होते.

तिथे चढ नव्हताच. तळ्याभोवती सपाट वाट होती आणि थोड्या थोड्या अंतरावर बाक होते. भावाच्या मुलीचं आइस्क्रीम संपायच्या आत त्यांची अर्धी फेरी झाली होती. चढ तिनं घरी टेबलाशी बसून लिहिला होता. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. आठवडाभर ती लोकांच्या वडिलांना हाताला धरून व्हरांड्यात चालवायची, ‘शाब्बास, अजून एक पाऊल’ म्हणायची. दोन दिवस तरी तिला ते वाक्य म्हणायचं नव्हतं. बाबांना तोंडावर ‘येऊ नका’ म्हणणं जमलं नसतं. ते काम कागदानं केलं. दुसऱ्याची मोजणी स्वतः पडताळल्याशिवाय कधी सही न करणाऱ्या बाबांनी लेकीचा कागद मात्र पडताळला नाही. खाली लिहिलं, ‘मला वगळून मंजूर.’ आणि आई त्यांच्यासोबत मागे राहिली.

“अगं, आता वाट नवी केलीय म्हणे,” ती म्हणाली. शब्द इतके सहज आले की तिचं तिलाच नवल वाटलं. “अगदी सपाट.”

“खरंच?” आईचा चेहरा खुलला. “मग येते की! ते पांढरे बूट कुठे टाकलेत बघायला हवं.” कपाटाकडे जाता जाता ती थांबली. “मेल्यांनी वर्षभर आधी केली असती, तर हेही आले असते.”

लेक खुर्चीवर बसली. बूट सापडेपर्यंत गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

“आई, वाट नवी नाही. पहिल्यापासून सपाटच आहे. मी खोटं लिहिलं होतं.”

आई वळली. “कशाला?”

“दोन दिवस कुणाच्या पावलानं चालायचं नव्हतं मला.”

आईनं एक कप उचलला, पुसलेलाच, आणि पुन्हा पुसला.

“जिना चढत होते ते,” ती शेवटी म्हणाली. “तुझा कागद आल्यापासून, रोज सकाळी. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या, आठव्या दिवशी अकरा. मला म्हणायचे, पोरीला सांगू नकोस, एकदम चढूनच दाखवतो. नवव्या दिवशी सही केली.”

तिला रडू आलं नाही. रडण्याचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं, आणि आईनंही जवळ घेतलं नाही.

आईनं पांढरे बूट शोधून काढले, नाड्या बांधल्या आणि खणातून बाबांचं घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं.

“चल. नीट मोज. हातचं राखून नको, आणि माझ्यावर दया म्हणूनही नको.”

बोळात आई पुढे चालली, दर काही पावलांनी भिंतीला हात टेकत. ती मागे होती. ‘शाब्बास’ ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि पावलं मोजली. टोकाच्या दिव्यापर्यंत जाऊन परत यायला नऊ मिनिटं लागली.

घरी येऊन तिनं नवा कागद केला. वाट सपाट. पूर्ण फेरी, बसत-उठत, सव्वा तास. मग तो आईपुढे सरकवला.

आईनं चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला. पेन उचललं, पण टोपण काढलं नाही.

“सही तिथे गेल्यावर,” ती म्हणाली. “आधी वाट बघते.”